वेबसाईटवरून आलेले पाहुणे

व्यवसायाला वेबसाईट असण्याचे फायदे या विषयावर मी आमच्या घरात आता बोलत नाही. शाळेत बोलतो, एकदा तर दाढी करता करता न्हाव्यालाही पटवून दिलं. पण पुणतांब्याला दादांच्या घरी गेलो की मुकाट्यानं हवापाण्यावर बोलतो.

मी कोपरगावला शिक्षक. माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, पुणतांब्यात शेती बघतात आणि वहिनी गावाबाहेर रस्त्यालगत खानावळ चालवतात. वहिनींच्या हाताला अशी चव आहे की माणूस भरलं वांगं खाऊन झाल्यावरही ताटाकडे प्रेमानं बघत बसतो. पण गिऱ्हाईक तेच ते! उसाच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर, बँकेतले कॅशियर आणि अधूनमधून मी (फुकट). मला हे बघवेना. त्यात मी शाळेतर्फे नुकताच एक संगणकाचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. अर्धवट ज्ञान आणि दिवाळीची सुट्टी एकदम मिळाली की माणूस कुठल्याही थराला जातो.

"दादा, आजच्या काळात वेबसाईट नसलेला धंदा म्हणजे दार नसलेलं दुकान!"

"आपल्या खानावळीला दार न्हाईच की. शटर हाय."

"तसं नव्हे हो! शिर्डीला एवढे भाविक येतात. परतताना मोबाईलवर शोधतात, जवळपास घरगुती जेवण कुठं मिळतं. आपली वेबसाईट असली की सरळ दारात येऊन उभे राहतील."

(माझ्या आयुष्यातली फार थोडी वाक्यं इतकी तंतोतंत खरी ठरली आहेत.)

दादांच्या ओसरीवर बसून मी वेबसाईट केली. वहिनींच्या ताटाचे फोटो टाकले, 'आईच्या हातची चव' असं लिहिलं, खाली 'फोन करायची गरज नाही, थेट या!' असंही लिहिलं. शेवटी नकाशावर ठिकाण दाखवायचं होतं. मोबाईलनं विचारलं, 'सध्याचं ठिकाण वापरू का?' म्हटलं, वापर बाबा. इतक्या अदबीनं कोण विचारतं हल्ली! मी तेव्हा घरी बसलो होतो आणि खानावळ तिकडे रस्त्यावर होती, ही गोष्ट मोबाईलला माहीत नव्हती. मला माहीत होती, पण आठवली नाही.

त्यानंतरच्या रविवारी मनीषाला, म्हणजे दादांच्या मुलीला, बघायला पाहुणे येणार होते. मनीषा शेतीची पदवीधर. मुलगा तिसगावचा, बाजारपेठेत बियाणं-औषधांचं दुकान चालवणारा. आधीच्या दोन-तीन स्थळांना नाक मुरडणारी मनीषा या वेळी काहीच बोलली नव्हती, उलट आदल्या दिवशी ओसरी तिनंच सारवली होती. त्यामुळे घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. स्थळ आणणारे आबा म्हणाले होते, "तुमी पावन्यांना बसवून घ्या, मी राहात्याहून परस्पर येतो." पाहुण्यांना आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. मुलाचा फोटो होता, पण त्यात तो गॉगल लावून धरणाच्या भिंतीवर इतक्या लांब उभा होता की नीट दिसत होतं ते धरणच.

खानावळ त्या दिवशी चंद्रकला मावशींवर सोपवून वहिनी घरी पुरणपोळ्या करत होत्या. अकराच्या सुमारास दारात गाडी थांबली. टोपी घातलेले गृहस्थ, काठापदराच्या साडीतल्या बाई, त्यांचा इस्त्रीच्या शर्टातला तरुण मुलगा आणि एक काका. आता याहून जास्त वरपक्षासारखं काय दिसायचं असतं?

मी पुढे धावलो. "या, या! पत्ता सापडायला त्रास नाही ना झाला?"

"छे! मोबाईलनं बरोबर दारात आणून सोडलं," टोपीवाले म्हणाले. "फोटो बघूनच ठरवलं, जायचं तर इथंच. पण फोटोतल्यासारखंच आहे ना? काही ठिकाणी फोटो एक आणि समोर येतं भलतंच."

"फोटो मीच काढलेत! जसं आहे तसं. काही लपवाछपवी नाही."

"आम्हाला हॉटेली थाट नको हो. घरगुती पाहिजे."

"आमचं समदं घरगुतीच हाय," दादा हात जोडून म्हणाले.

"तिखट कितपत असतं?" बाईंनी काळजीनं विचारलं.

दादा गोंधळले. मी लगेच सावरून घेतलं. "बोलायला जरा तिखट आहे, पण मनानं अगदी साधी."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं विषय बदलला. "बरेच लोक येत असतील तुमच्याकडे?"

"येतात की! परवाच वैजापूरचे येऊन गेले. पण आम्हीच त्यांना नाही म्हटलं."

"आलेल्या माणसाला नाही म्हणता?"

"मग! आम्ही पारखून घेतो."

टोपीवाले सावरून बसले आणि त्यांनी मुलाला मांडी घालून नीट बसायला खुणावलं. मला वाटलं, काय छाप पडली!

मनीषा पाण्याचे पेले घेऊन आली. काकांनी विचारलं, "ताई, काय काय आहे?" ती बिचारी समजली, स्वयंपाक काय येतो असं विचारतायत. मान खाली घालून म्हणाली, "भरलं वांगं, शेंगोळे, मासवडी, बाजरीची भाकरी. आज मात्र पुरणपोळी केलीय."

"मग पुरणपोळीच! चौघांची ताटं लावा. भूक लागलीय."

इतकी मोकळीढाकळी माणसं मी पाहिली नव्हती. चहा नाही, पोहे नाहीत, थेट पंगत! मी कमरेला पंचा बांधला आणि स्वतः वाढायला लागलो. वाढता वाढता आमच्या घराण्याचा इतिहास, माझी शाळा, मनीषाचे गुण, सगळं सांगितलं. मुलाच्या ताटात चौथी पोळी टाकत म्हटलं, "घ्या जावईबापू, लाजायचं नाही!"

मुलगा आईच्या कानाशी लागला. "हे मला जावई का म्हणतायत?"

"इकडं प्रेमानं तसं म्हणत असतील. जेव तू."

हात धुऊन झाले. सुपारी झाली. टोपीवाले तृप्त होऊन उठले, खिशात हात घातला आणि म्हणाले, "वा! सांगा, बिल किती झालं?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या मुलाकडे पाहिलं. मुलानं दाराकडे पाहिलं. उलगडा सगळ्यात आधी मनीषाला झाला.

"नाना," ती थंडपणे म्हणाली, "नकाशावर खानावळ कुठं दाखवलीय तुम्ही?"

मी मोबाईल काढला. आमचं घर, आमची ओसरी, त्यावर लाल टाचणी. कुणाला दाखवायची हिंमत झाली नाही. पण माझा चेहरा सगळ्यांनी वाचला.

शिर्डीहून परतणारी ती नाशिकची सज्जन माणसं पुन्हा पुन्हा पैसे देऊ करत आणि आम्ही पुन्हा पुन्हा नको म्हणत, अशी ओढाताण चालली होती. वहिनी आतून बाहेर आल्या. "भावजी, पुरण संपलं. आता खरे पावने आले तर काय वाढू? वेबसाईट?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता काहीतरी भरपाई करायलाच हवी, या विचारात मी दारात गेलो, तोच दुसरी गाडी येऊन थांबली. मोबाईल हातात धरून एक धोतरवाले उतरले. मी आता फसणार होतो का? मुळीच नाही!

"हेच का ते..." त्यांनी सुरुवात केली.

"नाही, नाही!" मी दोन्ही हात आडवे केले. "पत्ता चुकलाय. इथं आत जागा नाही, जेवणही संपलं. सरळ रस्त्यावर जा, तिथं पत्र्याची शेड दिसेल. तिकडे सगळी सोय आहे."

"तिथं बघायचं का?"

"तिथंच बघा, पसंत पडलं तर बसा!"

ते बुचकळ्यात पडून निघून गेले. एक आपत्ती तरी टाळली म्हणून मी कपाळ पुसलं. तेवढ्यात आबांची मोटारसायकल आली.

"पावने कुठंयत? त्यांची पांढरी गाडी मला आत्ता वळणावर दिसली. उलटी कुठं चालली हुती?"

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की दादा प्रथमच मला 'अहो शिक्षक' म्हणाले.

आबांच्या मागे बसून खानावळीत पोचलो. तिसगावचे पाहुणे बाकावर ओळीनं बसले होते. चंद्रकला मावशी त्यांच्यापुढे उभ्या. "आधी टोकन घ्या. टोकनाबिगर काय बी मिळत न्हाई."

"अहो बाई," धोतरवाले, म्हणजे मुलाचे वडील, संतापून म्हणत होते, "आमी पाथर्डी तालुक्यातनं आलोत! पोरगी बघायला टोकन काढायची पद्धत आमच्याकडं तरी न्हाई!"

मी शिक्षक आहे. तीस मिनिटं न थांबता बोलू शकतो. पण त्या वेळी मी पाण्याच्या पिंपाआड जाऊन उभा राहिलो. हो, चक्क लपलो.

बोलली ती मनीषा. वहिनींना मागे बसवून स्कूटीवरून मागोमाग आली होती. नेसलेली साडी चाकात जाऊ नये म्हणून खोचलेली, कपाळावर घाम. तिनं आधी पाहुण्यांना वाकून नमस्कार केला. "चूक आमची झाली. खानावळीची गिऱ्हाइकं घरी जेवली आणि तुम्हाला घरून इकडे पाठवलं. तुमच्या वाटची पुरणपोळी संपलीय. पण शेंगोळे गरम आहेत, भाकरी मी आत्ता थापते. राग आला असेल तर तो जेवून झाल्यावर काढा."

मुलाचे वडील काही बोलणार, एवढ्यात मुलगाच हसायला लागला. हसणं आवरेना त्याला. हसत हसतच उठला आणि म्हणाला, "तुमी भाकरी थापा, मी टोकन काढतो." मग त्याची आई हसली, चंद्रकला मावशी हसल्या. वडिलांनी मात्र दोन भाकरी होईपर्यंत राग टिकवला. तिसरी भाकरी त्यांनी स्वतः मागून घेतली.

मी त्यांना वाढायला पुढे झालो, तर वहिनींनी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी तिसगावहून होकार आला. फोनवर मुलाच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "लग्न कुठं करायचं ते आमाला कोण सांगणार? नाना नसंल तर बरं."

टाचणी मी सरकवली. खानावळीत आता नवी माणसं येतात. नाशिकच्या त्या टोपीवाल्यांनी वेबसाईटवर अभिप्रायही लिहिला: 'जेवण अप्रतिम. घरची माणसं प्रेमळ, मुलगी गुणी. फक्त पंचा बांधलेला तो वाढपी फार बोलतो, आणि आग्रह करकरून खायला घालतो. त्याला कामावरून काढावं.'

खाली मालकांचं उत्तर आहे. वहिनींनी मोबाईलवर आयुष्यात पहिल्यांदाच काही लिहिलं, ते हे:

'काढला.'