देवीची माळ आणि सकाळची जीप

त्या नवरात्रात आमची जीप रोज सकाळी मेलेली असायची. मग पेडगावचे चार गडी तिला ढकलत वेशीपर्यंत न्यायचे, तेव्हा कुठं ती खोकत जिवंत व्हायची. नवरा तिच्यातून पाथरीला माणसं न्यायचा. माणसं म्हणायला लागली, चालत गेलं तर निदान सोबत जीप तरी ढकलावी लागत नाही. हळूहळू माणसं एसटीच्या फाट्यावर जाऊन उभी राहू लागली.

नवरा वैतागला. जीप विकतो म्हणाला, आणि पाथरीच्या एका माणसाला दसऱ्याला बघायला बोलावूनही ठेवलं. मला जीपची माया नव्हती. पण दसरा झाला की मी माहेरी, बोरीला, तिच्या पुढच्या सीटवर बसून जाणार होते, आणि हे गल्लीभर सांगून बसले होते. जीप गेली असती तर मांडीवर बोचकं घेऊन एसटी, आणि गल्ली हसायला मोकळी.

उपाय सगळे झाले. सासूनं लिंबू-मिरची बांधली. नवऱ्यानं बॅटरीच्या तारा घासल्या, पाणी घातलं. शेवटी पाथरीच्या मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून डायनामो तपासला. चार्जिंग व्यवस्थित होतंय म्हणाला. रात्री उभ्या जीपमध्ये काही चालू राहतं का, हेही त्यानं विचारलं. काहीच नाही, असं नवऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. घरी येऊन मलाही तेच सांगितलं.

मी विचार केला. रांजण संध्याकाळी भरलेला आणि सकाळी रिकामा असला, तर आपण त्याची दृष्ट काढत नाही, भोक शोधतो. उजाडायच्या आधी सडा टाकायला उठले, तेव्हा जीपवरची ताडपत्री वर करून बघितली. आत काचेजवळ तुळजापूरच्या देवीचा फोटो होता. घट बसले त्या दिवशी नवऱ्यानंच त्याच्याभोवती रंगीत बल्बांची माळ लावून तिची तार थेट बॅटरीला जोडली होती. संध्याकाळी माळ लखलखायची. आता बल्ब विझत्या बिडीसारखे दिसत होते.

नवऱ्याला उठवून आणला. म्हणलं, "काहीच चालू न्हाई म्हनला होता ना?"

"ती देवीची माळ हाय," तो म्हणाला. "ती कशी मोजायची? आन् एवढूसे बल्ब, पिऊन पिऊन किती पितील?"

"थोडीच पितो म्हननाऱ्यांची घरं बगितली न्हाईत का तुमी?"

त्याची नजर गल्लीपलीकडं गेली. त्याच्या चुलत्याचं घर समोरच होतं.

पण कारण सापडून उपयोग नव्हता, माळ सासूच्या सांगण्यावरून लावलेली होती. घट उठेपर्यंत ती विझवायची नाही, असा तिचा हुकूम. मग मी तिला सांगितलं की देवी दिवसभर पाथरीच्या खड्ड्यांतून हिंडते, तिला रात्री तरी घरात घ्या. घटापाशी तेलाचा दिवा तेवतोय, तिथं फोटो ठेवू. उजेड काही खंडत नाही.

सासूनं विचारलं, "आन् जीपची राखण कोन करील?"

"कुत्रं हाय की, आत्याबाई."

त्या संध्याकाळी फोटो घटापाशी आला आणि नवऱ्यानं माळेची तार काढली. सकाळी किल्ली फिरवताच जीप सुरू झाली. ढकलायला आलेले गडी नाराज झाले. त्यांना रोज चहा मिळायचा.

दसऱ्याला पाथरीचा माणूस आला. नवऱ्यानं त्याला आपट्याची पानं दिली, चहा पाजला आणि त्याच्याच गावाला जीपमधून सोडून आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोरीला निघालो. मी नवं लुगडं नेसून बाहेर आले, तर पुढच्या सीटवर सासू बसलेली, मांडीवर देवीचा फोटो. देवीला आता घरातल्या माणसांची सवय लागलीय, एकटी कशी ठेवू, म्हणाली. मी मागं बसले, चाऱ्याच्या पेंढीला टेकून. गल्ली बघतच होती.