एकाचीच सोय

मी ऑडिओ इंटरफेस घ्यायचा ठरवला तेव्हा नवरा म्हणाला, "आमची एवढी चौकशी केली असतीस तर आज दुसऱ्या कुणाच्या तरी घरात असतीस." त्याचं फारसं खोटं नव्हतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी एका हातात पोळीचा घास धरून दुसऱ्या हातानं फोनवर तेच वाचत असायची. इंटरफेस म्हणजे साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठी अशी एक डबी. एका बाजूनं माइकची वायर आत, दुसऱ्या बाजूनं यूएसबीची वायर लॅपटॉपला, मध्ये आवाज लहानमोठा करायचं एक गोल बटण. माइकचा आवाज तिच्यातून लॅपटॉपमध्ये स्वच्छ उतरतो. वेगळा प्लग लागत नाही, त्यामुळे घरातल्या कुठल्याही खोलीत नेऊन बसता येतं. एवढ्याशा डबीवरून जगभर माणसं हमरीतुमरीवर येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. कुणाला तिच्यातली बारीक खरखर सहन होत नव्हती, तर कुणाचा जीव त्या बटणाच्या सैलपणात अडकला होता.

मला ती बाबांसाठी हवी होती. आई-बाबा कराडहून आमच्याकडे परदेशात, टाकानिनीला, सहा महिन्यांसाठी आले होते आणि बाबांनी सोबत पेटी आणली होती. विमानतळावर त्यांनी आपणहून सांगितलं की लाकडी वस्तू आहे. लाकडातून कीड देशात येऊ नये हे बघणाऱ्या तिथल्या बाईंनी भात्यात टॉर्च मारून किडे आहेत का ते पाहिलं, मग म्हणाल्या वाजवून दाखवा, आणि बाबांनी तिथल्या स्टीलच्या टेबलावर उभ्याउभ्या सा लावला. हा किस्सा त्यांनी फोनवरून कराडच्या सगळ्यांना सांगितला, प्रत्येक वेळी बाईंचं कौतुक थोडं वाढवून.

पण चहाचा कप आता ते दोन्ही हातांनी धरत होते. उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली होती. कराडच्या डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलं होतं, बाबा मात्र "इथली थंडी" एवढंच म्हणायचे. पेटीवर बोटं टेकली की थरथर थांबायची. पुढच्या खेपेला ती थांबेल की नाही, कुणी सांगावं? म्हणून या खेपेलाच त्यांची पेटी नीट रेकॉर्ड करून ठेवायची असं मी मनाशी पक्कं केलं. फोनवर केलेलं मला नको होतं, त्यात पेटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते.

आता आईचं सांगायला हवं, आणि इथंच मला अवघड होतं. आई कराडच्या आमच्या कॉलनीतल्या महिला भजनी मंडळाची मुख्य गायिका. मंडळात सगळ्या बायका आणि पेटीवर एकटे बाबा, हे गावात चेष्टेचं होतं आणि बाबांना त्याचा अभिमान होता. आईचा आवाज खडा. मांडवातल्या शेवटच्या सतरंजीवर बसलेल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे, या हिशेबानं ती गाते. समोर किती माणसं आहेत याच्याशी तिला देणंघेणं नसतं. स्वयंपाकघरात एकटी असली तरी ती म्हातारी तिच्या डोळ्यांसमोर असतेच.

ते आल्यावर थोड्याच दिवसांत सँडरिंगहॅमला ओळखीच्या एकांकडे गणपती होता. आरत्या झाल्यावर गाणी सुरू झाली. तिथे सगळे माइक ओठाला चिकटवून हळुवार गात होते. आईची पाळी आली तेव्हा तिनं माइक परत दिला. "मला नको हो, ऐकू जातं," असं म्हणून तिनं सूर लावला. दोन पोरांनी कानात बोटं घातली. एका तरुणानं फोन काढून तिचं चित्रीकरण सुरू केलं, आणि ते कौतुकानं नव्हतं हे मला दिसत होतं. यजमानांनी उठून मागचं काचेचं सरकतं दार लावून घेतलं. माझी मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी इज सो लाऊड." मी तिला दटावलं नाही. मी माझ्या ताटातल्या मोदकाकडे बघत बसले.

गाडीत आईनं विचारलं, "बरं झालं ना गं?"

"छान झालं. पण इथे जरा हळू म्हटलं तरी चालतं, आई."

"हो का," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती पूजेच्या वेळी खिडकी लावून घ्यायला लागली. मला बरं वाटलं. आमच्या त्या नव्या वसाहतीत एका घराची भिंत आणि दुसऱ्याची खिडकी यांत एक कुंपण काय ते. शेजारचा म्हातारा गोरा कधी काही बोलला नव्हता. तरी मीच त्याच्या वतीनं लाजत होते.

एका शनिवारी मी वाद्यांच्या दुकानात गेले. दाढीवाला, शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, घातलेला पोरगा काउंटरवर होता. त्यानं दोन डब्या माझ्यापुढे ठेवल्या. एकीत एकच माइक लागत होता, दुसरीत दोन. दुसरी बोटभर जास्त रुंद होती, किमतीत फार फरक नव्हता.

"काय रेकॉर्ड करणार? व्होकल्स असतील?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"नो व्होकल्स," मी म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की मलाच दचकायला झालं. कुणी हटकलं नव्हतं, घाईही नव्हती. तो पोरगा भला होता. म्हणाला, दोनवाली घ्या, एकवाली घेऊन हीप्स ऑफ, म्हणजे ढीगभर, लोक ती बदलायला परत येतात. मी म्हटलं, मला हलकी हवी, पोर्टेबल. दोन्ही हलक्याच होत्या. तो म्हणाला, स्वीट अ‍ॅज, म्हणजे काही हरकत नाही, तसंही गाणं नंतर त्याच माइकवर वेगळं रेकॉर्ड करून वर चढवता येतं, आधीचं वाजवणं हेडफोनवर ऐकत गायचं. हे मला माहीत होतं. इतके दिवस मी दुसरं काय वाचत होते?

मी एकाचीच सोय असलेली डबी घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी रविवार. नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला, म्हणजे घर शांत. आईनंच मला खिडकीवर दुलई टांगायला मदत केली, बाहेरच्या गाड्यांचा आवाज येऊ नये म्हणून. मी खोली गरम ठेवणारा हीट पंप बंद केला. सकाळपासून आई पातेल्यात ज्येष्ठमध उकळून ते पाणी घोट घोट पीत होती. कार्यक्रम असला की ती घसा असाच तयार करते, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. ती कशासाठी पीत होती ते मला कळत होतं. मी तिच्या शेजारी उभी राहून चहा गाळला.

बाबा पेटी घेऊन गालिच्यावर बसले. मी माइक स्टँडला लावला, पेटीच्या जवळ आणला, डबीवरचं बटण फिरवून दिवा हिरवा होतो का बघितला. तेवढ्यात आई आली. तिनं मंडळाची साडी नेसली होती, जांभळी, पिवळ्या काठाची. मंडळातल्या सगळ्या बायकांकडे तीच साडी आहे. सहा महिन्यांच्या सामानात तिनं ती आणली होती हे मला माहीतच नव्हतं. ती बाबांच्या डाव्या हाताला, तिच्या नेहमीच्या जागी बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "माझा माइक कुठला?"

मी म्हणाले, "आई, या डबीत एकाचीच सोय आहे गं. एकच माइक लागतो."

"मग मध्ये ठेव की," बाबा म्हणाले.

इथे मात्र मी वाचलेलं सगळं कामाला आलं. मध्ये ठेवला तर पेटी दबते, लांबून खोलीचा घुमारा येतो, आवाज एकमेकांत मिसळले की पुढे काही सुधारता येत नाही. मी बोलत राहिले. इंग्रजी शब्द मुद्दाम जास्त वापरले. बाबा ऐकत होते, आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पेटी एकटी वाजवायची नसते गं," बाबा म्हणाले. "ती साथीला असते. नवरीचा पत्ता नाही आणि मी मुंडावळ्या बांधून बसू का?"

"अहो, वाजवा तुम्ही," आई म्हणाली. "पोरीनं एवढं आणलंय हौसेनं. मी बसते आत."

ती उठली. साडीचा आवाज होऊ नये म्हणून निऱ्या हातात धरून गेली, आणि दार इतकं हळू लावलं की मला ते लागल्याचं कळलंही नाही. माझ्या घरात वावरताना ती आवाज न करायला किती शिकली होती ते मला तेव्हा दिसलं. मला स्वतःचा राग आला. तो गिळून मी रेकॉर्डचं बटण दाबलं.

बाबांनी आईचं नेहमीचं भजन वाजवलं. बोटं थरथरली नाहीत. संपल्यावर ते म्हणाले, "झालं?" आणि हात चोळत बसले. मी हेडफोन लावून ऐकायला लागले. आवाज काय स्वच्छ उतरला होता, भात्याचा श्वासही ऐकू येत होता. पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की बाबांनी साथच वाजवली आहे. सुरुवातीची सुरावट ठसठशीत, आणि जिथे आई गायला लागते तिथे पेटी एकदम मंद, नुसती सुरांवर टेकलेली. ओळ संपल्यावर दोन सुरांत भरलेली रिकामी जागा. जिथे आई दम घेते तिथे तेसुद्धा थांबले होते. मी त्यांच्या पेटीचं रेकॉर्डिंग करायला बसले होते आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आईची वाट बघणं तेवढं उतरलं होतं.

आई दारातून डोकावली. "आलं का गं नीट? बघू मला." मी हेडफोन तिच्या कानांवर घातले, ते अंबाड्यावर अडकले, ते तिनंच सारखे केले. मी परत सुरुवातीपासून लावलं.

ती ऐकत उभी राहिली. सुरुवातीची सुरावट संपली असेल तेव्हा तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. कानांवर हेडफोन, त्यामुळे स्वतःचा आवाज तिला कळत नव्हता. टांगलेल्या दुलईला न जुमानता तो बाहेर गेला असणार, कुंपणापलीकडे, त्या म्हाताऱ्याच्या खिडकीत. बाबांना आणि मला पेटी ऐकू येत नव्हती, नुसती आई ऐकू येत होती. बाबांची बोटं मांडीवर चालत होती. तिनं दम घेतला की तीही थांबत होती.

माइक समोरच होता. डबी चालू होती. लॅपटॉपवर एक क्लिक केली असती तर आई बाबांच्या पेटीवर जाऊन बसली असती, दोन्ही आवाज वेगवेगळे आणि स्वच्छ, दुकानातल्या पोरानं सांगितलं होतं अगदी तसं. माझा हात तिथेच होता. पण दाबलं असतं तर पडद्यावर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका उमटला असता, आणि एकाच माइकवर आईचं गाणं घेणं आधीपासूनच होण्यासारखं होतं हे बाबांना कळलं असतं. मी शरमेनं हात तसाच ठेवला. तिचा तो आवाज असा सलग मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. तो मोठा होता, आणि सुरात होता. एकही जागा चुकत नव्हती.

भजन संपलं. आईनं डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि पटकन हेडफोन काढले.

"अगंबाई, मोठ्यानं म्हटलं का मी?" मग जरा थांबून तिनं डबीकडे पाहिलं. "यात आलं का गं ते?"

"नाही," मी म्हणाले.

बाबा मान वर करून माझ्याकडे बघत होते. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. ते विचारायच्या आतच आई त्यांना म्हणाली, "अहो, तिनं सांगितलं नव्हतं का मघाशी? एकाचीच सोय आहे त्यात. हो ना गं?"

हेडफोनची वायर तिनं लोकर गुंडाळावी तशी गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"हो," मी म्हणाले.