मोर्शीच्या रस्त्यावरचं ‘नॉर्मल’

नव्या टर्बो गाडीचं पहिलं ऑइल नेमकं किती किलोमीटरला बदलावं? खरं सांगते, मला माहीत नाही... आणि मी अमरावतीत गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरवर ॲडव्हायझर आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही मेकॅनिकल इंजिनिअर. गावाकडे मला ‘गाडीची डॉक्टर’ म्हणतात, त्यामुळे हे कबूल करणं जरा जड जातं.

जुने मेकॅनिक सांगतात, हजारलाच काढून टाका, नव्या इंजिनाच्या धातूचा कीस त्यात उतरतो. कंपनीचं पुस्तक सांगतं, दहा हजार किंवा एक वर्ष. दोन्हीकडे माझ्यापेक्षा जास्त गाड्या पाहिलेले लोक आहेत.

मागच्या मंगळवारी इरफानभाई आले. मोर्शीला त्यांचा संत्र्याचा व्यापार. कापूस आणि संत्रा दोन्हींचे भाव झोपले, त्या वर्षी लाल टर्बो गाडी घेतली म्हणून बाजारात भरपूर टोमणे खाल्लेला माणूस. गाडी जेमतेम चार हजार दोनशे चाललेली.

त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी ओढली आणि तेल अंगठ्याने बोटावर चोळून माझ्यासमोर धरलं. “हे पाह्य बेटा. काजळ झालं याचं.”

मी शिकलेलं सांगितलं. काळं झालं म्हणजे खराब झालंच असं नाही, पुस्तकात दहा हजार दिलंय.

“पुस्तक लिवणारा मोर्शीच्या रस्त्यानं आलता का कधी?”

मला हसू आलं आणि थोडा रागही. गाडीच्या कामाची नोंद होते त्या जॉबकार्डावर ‘वापर’ असा एक रकाना असतो... नॉर्मल की सिव्हिअर, म्हणजे खडतर. मी सवयीने विचारलं, गाडीचा वापर कसा आहे? ते म्हणाले, “नॉर्मल.” मी खूण केली, त्यांनी सही केली.

मग चहा आला आणि ते गाडीबद्दल बोलायला लागले. घर ते दुकान दोन किलोमीटर, दिवसातून चार चकरा... इंजिन गरम व्हायच्या आत बंद. बागेपर्यंत कच्चा रस्ता, पुढची बैलगाडी दिसू नये इतकी धूळ. उन्हाळ्यात दिवसभर गाडी उघड्यावर. आणि दर रविवारी चिखलदऱ्याचा घाट, तोही दाबून. वर पोहोचलं की लगेच चावी बंद, फोटो सुरू.

“काका, याला तुम्ही नॉर्मल म्हणता?”

“नाही तं काय? बंद थोडीच पडली कुठं!”

मी कप खाली ठेवला. आमच्याकडे नॉर्मलचा अर्थ हाच... अजून बंद पडलं नाही. बाबांना दुबार पेरणी करावी लागली, तेव्हा मामांनी फोनवर विचारलं होतं, कसं काय? बाबांनी उत्तर दिलं होतं, “नॉर्मल हाये.” मी शेजारीच बसले होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी पुस्तक उघडलं. तक्त्याखाली बारीक अक्षरात दिलेलंच आहे. धूळ, कडक ऊन, छोट्या चकरा, घाट... यातलं काहीही असेल तर वापर सिव्हिअर, आणि ऑइल निम्म्यावर. म्हणजे पाच हजार किंवा सहा महिने. इरफानभाईंच्या गाडीला यातलं सगळंच लागू होतं.

इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला आधार फक्त या तेलाचा. उद्या तो गेला, तर वॉरंटी मागताना कंपनी विचारेल, वापर खडतर होता मग ऑइल वेळेवर का नाही बदललं? आणि कार्डावर सही त्यांची, खूण माझी.

मी खूण खोडली आणि सिव्हिअरवर केली. मॅनेजर सर आलेच.

“मॅडम, काहून नसती भानगड करून राहिल्या? शोरूमवाले ‘वर्षभर पाहायचं काम नाही’ म्हणून गाडी विकतात. अन् तुमी इथलं सगळंच सिव्हिअर ठरवलं, तं नॉर्मल कोण उरलं?”

“कोणीच नाही, सर.”

ते हसले... मग हसायचे थांबले. माझी नोकरी पक्की व्हायला अजून दोन महिने आहेत, याची त्यांनी आठवण करून दिली.

इरफानभाईंचं ऑइल त्याच दिवशी बदललं. जाताना म्हणाले, “डॉक्टरीणबाई, पहिले रोग्याची नाडी पाहात जा. पुस्तक कुठं पळून नाही जात.” लागलं मला. पण याबद्दल मी त्यांची आभारी आहे, कारण मी दुसऱ्या दिवशी जुनी कार्डं काढली.

टर्बो गाड्यांची अकरा कार्डं निघाली. सगळ्यांवर नॉर्मल, सगळ्या खुणा माझ्या हातच्या. सर म्हणाले, झालं ते झालं, फोन करायचे नाहीत, लोक घाबरतात. मला ते पटलं नाही. लोक घाबरत नाहीत म्हणूनच तर ते नॉर्मल म्हणाले होते... खोदून विचारायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

मी फोन लावले. सरांच्या केबिनसमोरच्या टेबलावरून, त्यांना ऐकू जाईल असे. “तुमच्या कार्डावर मी नीट न विचारता खूण केली होती, चूक माझी आहे. गाडी पाच हजारला आणा.” अकोल्याचे एक गृहस्थ तापले, “तुले कोणं इंजिनिअर केलं?” धामणगावचे एक जण म्हणाले, “ताई, ट्रॅक्टरचंही असंच असते का?”

अकरावा फोन आज दुपारी झाला. अकराही कार्डं दुरुस्त करून, प्रत्येकावर माझं पूर्ण नाव लिहून, मी फाइलला लावली आहेत.