दिवा न विझवता मारायचा टोला

भीतीच्या बाबतीत मी मोठा तालेवार माणूस आहे. दुसरे लोक घाबरले की त्यांचे हातपाय कापतात. मी घाबरलो की आमच्या अकोल्याच्या घरातली फळीवरची भांडी खणखणायची, आणि शेजारचे लोक गाडी आली समजून बोचकी उचलून टेसनाकडे पळायचे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं त्या शेजाऱ्यांना विचारावं. त्यातले दोघं अजून परत आलेले नाहीत.

त्या वेळी मी अकोल्याच्या कचेरीत कारकून होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठे हुकूम नागपुराहून सुटायचे, पण आमच्यासारख्या बारक्या माणसांच्या बदल्या अमरावतीच्या कॅम्पात बसणारा कमिशनर साहेबच करायचा. आणि बदली म्हटलं की कचेरीत एकच नाव सगळ्यांच्या तोंडावर यायचं: धारणी. मेळघाट.

मेळघाटातल्या वाघाचं मला काही नव्हतं. वाघ एकदा खातो आणि मोकळा होतो. तिथला ताप माणसाला पाळीपाळीनं खायचा. जो परत यायचा तो पोटात पानथरी, म्हणजे तापानं फुगलेली प्लीहा, घेऊन, पिवळा होऊन यायचा. आम्ही नवरा-बायको एकदा तिथली नोकरी करून आलो होतो. जाताना तिघं होतो, येताना दोघं. आमचा पहिला पोरगा, नुकता बोलू लागलेला, तिथल्या हिवतापात गेला. एरवी मी कुठल्याही गोष्टीला शिंगं आणि शेपूट लावून सांगतो. या एका गोष्टीला मला कधी काही लावता आलं नाही.

आता बायकोला पुन्हा दिवस गेलेले, आणि नेमक्या त्याच वेळी आमचे नाजर, म्हणजे कचेरीचा सगळा कारभार ज्यांच्या टेबलावरून जायचा ते गृहस्थ, माझ्या कानाशी आले.

"तुया नावाचा कागद अमरावतीले गेला म्हन्ते."

"कुठचा कागद?"

"आता मीच सांगू काय कुठचा? कुनैनच्या गोया घेऊन ठेव बावा."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती संत्री सोलत होती. तिचे वडील शेंदूरजनाघाटचे बागवाले, त्यामुळे आमच्याकडे संत्री आणि काळजी या दोन गोष्टींना कधी तोटा नव्हता. तिनं हातातली फोड खाली ठेवली.

"मी धारणीले येत नाई. माह्यं एक लेकरू तिथं ठेवून आली मी. दुसरं नाई ठेवत."

एवढंच बोलली. मग रडली नाही, भांडली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

अशात संक्रांत आली. सुटीच्या दिवशी आम्ही कचेरीवाले मागच्या मैदानात इटीदांडू खेळायचो. त्या दिवशी माझ्या डोक्यात धारणी घोंगावत होती. मी डोळे मिटून असा टोला हाणला की इटी कचेरीचं कौलारू छप्पर ओलांडून, चिंचेच्या शेंड्यावरून, डिप्टी कमिशनर साहेबाच्या बंगल्यात शिरली आणि साहेब तोंडाला लावणार त्या चहाच्या कपात पडली. कप फुटला नाही म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगायला मी जिवंत आहे. साहेब इटी हातात घेऊन बाहेर आला. बाकीचे असे पळाले की दोघांचे जोडे मला पुढे उन्हाळ्यात सापडले. माझे पायच उचलेनात.

"कौन मारा?"

"हुजूर... मैं."

साहेबानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम हमारे साथ गोल्फ खेलेगा."

हा गोल्फ म्हणजे साहेबलोकांचा इटीदांडू. फरक असा की त्यात इटी गोल असते, गल, म्हणजे इटीचा खळगा, कोसभर लांब असते, आणि कुणी हसत नाही. दर साली अकोल्याचे दोन साहेब विरुद्ध अमरावतीचे दोन साहेब अशी लढत व्हायची आणि आमचे साहेब दर साली हरायचे. या खेपेला तर त्यांचा जोडीदार पोलिस साहेब घोड्यावरून पडून पाय मोडून बसला होता. बाकी गोरे दौऱ्यावर. तेव्हा साहेबाची नजर माझ्या टोल्यावर गेली.

"जीतेगा तो हम कमिशनर को बोलेगा, तुमारा बदली नहीं होगा," साहेब म्हणाला. "हारेगा तो..." आणि त्यानं काठीनं उत्तरेकडे दाखवलं. उत्तरेला मेळघाटाचे डोंगर आहेत हे साहेबालाही ठाऊक होतं.

मी नाजरांना हे सांगितलं. ते पानाची पिचकारी टाकायची विसरले.

"अन् समोरून कोन खेयनार हाये, ठाऊक हाये काय तुले? खुद कमिशनर. त्याले हरवशीन तर तो धाडन. नाई हरवशीन तर आपला हा धाडन."

"मग मी करू काय?"

"आजारी पड."

"आजारी माणसाला कुठं धाडतात?"

नाजरांनी विचार केला. "हवा बदलाले. धारणीले."

साहेबानं मला एक वाकडी काठी दिली आणि त्या दिवसापासून साऱ्या कचेरीला गोल्फ येऊ लागला. नाजर म्हणत, "मुंडकं हालवू नको." खजिन्यातले काका म्हणत, "डावा हात असा ताठ ठेव, जसा काही पळसाचा दांडा." समोरचे वकील रस्ता ओलांडून सांगायला आले, "कमरेतून वळा हो, कमरेतून." साहेब स्वतः म्हणायचा, गुडघा वाकवो, अंगूठा नीचे, बॉल देखो. एका टोल्याला एवढे हुकूम! काठी उचलली की माझ्या अंगातच कचेरी भरायची. डावा हात कमरेला विचारल्याशिवाय हलेना, कंबर गुडघ्याच्या शेऱ्यासाठी थांबायची, आणि या सगळ्यांची परवानगी येईपर्यंत काठी जमिनीत रुतलेली असायची.

सासऱ्यांनी बागेत गळलेली हिरवी संत्री पोतंभर पाठवली, तीच मी अंगणात चेंडू म्हणून ठेवायचो. एक धड उडालं नाही. सगळ्यांचा चेंदा. अंगणात इतका रस सांडला की शेजारची म्हैस आठवडाभर केशरी दूध देत होती. वास घेऊन पाहा म्हणून गवळी घरोघर फिरला.

मग ती संध्याकाळ. वारा लागू नये म्हणून मी ओसरीतच काठी फिरवत होतो. बायकोनं नुकताच कोनाड्यात दिवा लावला होता. मी जीव खाऊन काठी फिरवली, वाऱ्याचा सपकारा बसला आणि दिवा गेला.

आमच्याकडे दिवा विझला असं कुणी म्हणत नाही. दिव्याला निरोप दिला म्हणतात. धारणीला पोराच्या उशाशी ठेवलेला दिवा असाच एका झुळकीनं गेला होता, आणि मागोमाग तो गेला. अंधारात मला फक्त वातीचा जळका वास येत होता आणि तिचा श्वास ऐकू येत होता. दोन्ही हात पोटावर धरून ती उभी असणार, हे मला न दिसताही दिसत होतं. त्या वेळी भांडी वाजली नाहीत. खरी भीती आवाज करत नाही, हे मला तेव्हा कळलं.

तिनं काडी ओढली. तळहाताच्या आडोशानं दिवा पुन्हा लावला आणि कोनाड्यातून काढून माझ्या पायापुढे जमिनीवर ठेवला.

"आता मारा," ती म्हणाली.

"अवं, वेडी झाली काय? पुन्हा जाईल तो."

"नाई गेला पाह्यजे. तसं मारा."

"जोरात हाणल्याबिगर चेंडू जाईन कसा?"

"तुमी हानतच नाई. भेव झटकून राह्यले तुमी अंगावरचं. म्हून वारा सुटते. आरती ओवायतो आपन, तवा ताट काय असं फेकते कोनी?"

मी दिव्याशेजारी एक हिरवं संत्रं ठेवलं आणि काठी उचलली. डावा हात, कंबर, गुडघा, अंगठा, साऱ्या कचेरीला सुटी दिली. डोक्यात एकच ठेवलं: ज्योत हलू द्यायची नाही. काठी हळू मागे गेली, ओवाळल्यासारखी फिरून आली. ज्योत वाकली, थरथरली आणि सरळ झाली. पहिल्यांदा एक संत्रं अख्खं उडून कुंपणापलीकडे पडलं. बायकोनं ते पाहिलंही नाही. तिची नजर दिव्यावर होती.

त्यानंतर रोज दिवेलागणीला हेच. ती दिवा ठेवून समोर बसायची, मी काठी फिरवायचो. दर खेपेला मी आधी ज्योतीकडे पाहून घ्यायचो, कारण चेंडू चुकला तर चुकला, दिवा चुकला तर काय, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

लढतीच्या दिवशी साहेबाच्या मोटारीतून अमरावतीच्या कॅम्पात उतरलो. मैदान म्हणजे काळी जमीन, उन्हानं भेगाळलेली. काही भेगा एवढ्या रुंद की एकीतून मला पाताळातल्या माणसाचा खोकला ऐकू आला. खळग्याभोवती हिरवळ कुठली, तेल चोळून थापलेली वाळू. कमिशनर साहेब म्हणजे अंगानं हत्ती. तो लाकूड फोडल्यासारखी काठी हाणायचा, चेंडू दर वेळी उजवीकडच्या बाभळीत जायचा आणि चपराशी ओरडायचे, "वा हुजूर!"

त्याला पाहिलं आणि माझ्या अंगात कचेरी पुन्हा उघडली. मुंडकं, दांडा, कंबर, अंगठा. माझा पहिला चेंडू चार हात गेला, दुसरा भेगेत गडप झाला, तिसऱ्या वेळी चेंडू जागेवर राहिला आणि मीच पुढे गेलो. आमच्या साहेबाची मान लाल, मग जांभळी झाली. टोल्यागणिक धारणी एक मैल जवळ येत होती. आम्ही हरून कधीच मोकळे झालो असतो, पण कमिशनर साहेबाच्या बाभळींनी आम्हाला वाचवलं. शेवटच्या खळग्यापाशी आलो तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत होत्या.

पुढे नाला, नाल्यापलीकडे वाळू. टोला माझा.

मागे आमचा साहेब, बाजूला कमिशनर. जिंकलो तर तो, हरलो तर हा. पळायला फक्त नाला होता, तोही कोरडा. माझ्या डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यात मला ती दिसली, पोटावर हात धरून अंधारात उभी. मी मनातल्या मनात चेंडूपुढे दिवा ठेवला. जिंकणं नको, हरणं नको, एवढी ज्योत राहू दे, म्हणालो. काठी मागे गेली, ओवाळून आली.

चेंडू कधी गेला ते मला कळलंच नाही. लोक सांगतात की एक घार वाट सोडून बाजूला झाली. चेंडू नाला ओलांडून वाळूत खळग्यालगत पडला आणि आमच्या साहेबानं तो नुसता ढकलला. अकोला जिंकलं. एकही चपराशी ओरडला नाही. कमिशनर साहेब हळूहळू माझ्याकडे आला.

"मारने के वक्त क्या सोचता था तुम?"

खोटं बोलायला माझी जीभ कधी अडत नाही. त्या दिवशी अडली. "दिया, हुजूर," मी म्हणालो, आणि दिवा, ओसरी, पोटुशी बायको, धारणी, सगळं तोंडातून सांडत गेलं. साहेबानं ऐकून घेतलं, मिशी चावली, आणि मोटारीत बसून निघून गेला.

त्यानंतर डाकवाला दिसला की मी कपाटामागे जायचो. शेवटी हुकूम आला. नाजरांनी फोडला, दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. अमरावती, कमिशनर साहेबाची कचेरी, ताबडतोब रुजू. काम काय ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

काम असं होतं: रोज सकाळी काच काढलेला पेटता कंदील घेऊन साहेबाच्या काठीपुढे उकिडवं बसायचं. साहेबाला ज्योत न विझवता टोला शिकायचा होता. तो हत्ती काठी उगारायचा आणि ती माझ्या कानापासून बोटभर अंतरावरून जायची. एकदा तिनं माझी टोपी उडवली ती पार नांदगाव पेठेच्या वाटेवर सापडली. धारणीची भीती गेली आणि तिच्या जागी डोकं फुटायची आली. ज्योत रोज विझायची. मी रोज पुन्हा लावायचो.

बायकोचे दिवस भरले, तिचा भाऊ मदतीला आमच्या अमरावतीच्या बिऱ्हाडी येऊन राहिला. एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या, सुईणीनं मला घराबाहेर काढलं, आणि मी दुसरं सुचेना म्हणून मैदानावर गेलो. त्या दिवशी कंदील मी दोन्ही हातांनी धरला. ज्योतीला मी म्हणत होतो, आजच्या दिवस, बाई, आजच्या दिवस.

साहेबानं काठी उगारली. या खेपेला हळू, अगदी हळू. फिरवली. ज्योत वाकली. सरळ होईल असं वाटलं.

गेली.

मी तिथंच बसलो. वातीचा तोच जळका वास. समोर साहेब नाचत होता, कारण त्याचा चेंडू आयुष्यात पहिल्यांदा सरळ गेला होता. तो माझा हात हलवत होता आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. मला फक्त फाटकातून धावत येणारा माझा साळा दिसत होता, धोतराचा सोगा हातात धरलेला. त्याचं तोंड उघडलं तेव्हा मी कानांवर हात ठेवले.

त्यानं ते ओढून काढले. "भाऊजी, आयका ना! पोरगी झाली. दोघीबी चांगल्या हायेत."

मी जो हंबरडा फोडला त्यानं बडनेऱ्याला मालगाडी थांबली. साहेबाला वाटलं, मी त्याच्या टोल्यासाठी रडतो आहे. त्याचेही डोळे भरून आले.

घरी आलो आणि खोलीच्या उंबऱ्याशी थबकलो. सांगू नये असं ठरवून आलो होतो, पण तिनं माझं तोंड पाहिलं.

"काय झालं?"

"दिवा गेला," मी म्हणालो. "ऐन वेळी. साहेबानं घालवला."

ती थकलेली होती, केस कपाळाला चिकटलेले. कुशीत लाल मुठी दिसत होत्या.

"मंग? तो सरकारी व्हता," ती म्हणाली. "आपला हा काय, माह्या उशाशी हाये. अन् तुमी तसे दारात उभे राहू नका. अंदर या अन् कवाड लावा, वारा येऊन राह्यला."