तिसरा पुकारा

नामपल्लीच्या कोर्टात दारात उभं राहून पक्षकारांना पुकारायचं, हे माझं काम. रीत अशी, की नाव तीनदा पुकारायचं आणि तिसऱ्यालाही कुणी आलं नाही, तर साहेब गैरहजर लिहितात. मग खाली चहा पीत बसलेले धावत येतात आणि भांडतात माझ्याशी. अरे लेकांनो, कान कुठं ठेवले होते?

कुकटपल्लीला घरात शिरतानाही मी तशाच खड्या आवाजात बायकोला हाक मारायचो. ती मुद्दाम दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. म्हणायची, "अहो, तिसरी नको. गैरहजर लिहून टाकाल."

गेल्या वर्षी एका संध्याकाळी ती खुर्चीत बसलेली होती, मांडीवर अर्धवट निवडलेली मेथी. मी दारातून हाक मारली. जवळ जाऊन दुसरी मारली. मग हात हातात घेतला, तर तो गार लागला.

डॉक्टर येऊन गेले, सगळं उरकलं, तेरावाही झाला. कोर्टात मी दिवसभर परक्या माणसांना तीनतीनदा पुकारतो. घरी आलो, की कुलूप काढून अंधारात दोन हाका मारतो.

तिसरी अजून मारलेली नाही.