मुलीजवळ कोण होतं

अमेरिकेत ईडन प्रेरीला आल्यावर पहिली दोन वर्षं मला नोकरी करायची परवानगी नव्हती. नवऱ्याचा व्हिसा कामाचा, माझा नुसता त्याच्यासोबत राहण्याचा. रिकामं बसून डोकं फिरायची पाळी आली तेव्हा लायब्ररीच्या एका उपक्रमात नाव दिलं: दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन वाचून दाखवायचं. माझ्या वाट्याला एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका आल्या. इथल्या रीतीप्रमाणे त्याही म्हणाल्या, मला नावानेच हाक मार. माझी जीभ रेटेना. मनातल्या मनात मी त्यांना बाई म्हणायचे, तोंडाने काहीच नाही.

दर मंगळवारी दुपारी मी जायचे. बाईंनी निवडलेली कादंबरी एकोणिसाव्या शतकातली, फ्रेंच. मी तिचं इंग्रजी भाषांतर वाचत होते. कुठल्याशा बेटावर उसाच्या मळ्यांतून गब्बर झालेला एक मालक कुटुंबासह फ्रान्सला परततो. त्याच्या घरात पाँडिचेरीहून आणलेली एक मोलकरीण असते. तिला नाव नाही. पाचव्या पानावर ती ट्रे घेऊन आत येते, आणि लेखक महाशय तिच्या कातडीचा रंग, तिचा वास, तिची जनावरासारखी नजर हे सगळं चवीचवीने सांगत बसतात.

माझी कानशिलं तापली. समोर बाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्याच घरात, त्यांच्याच आवडत्या पुस्तकातलं हे त्यांना माझ्या तोंडून ऐकवायचं? किती ओशाळतील बिचाऱ्या. मी तो परिच्छेद गाळला. लाज वाटायला हवी होती लेखकाला, वाटली मला. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर घरच्यांना संकोचात टाकायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

एकदा गाळलं की पुढे सोपं जातं. ती मोलकरीण आली की मी पुढच्या परिच्छेदावर उडी मारायचे.

तिसऱ्या-चौथ्या मंगळवारी खुर्चीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटू लागलं. वळून पाहिलं तर खिडकी, आणि खिडकीबाहेर बर्फ. मग घरी ओट्याशी भाजी चिरतानाही तेच. पावलं वाजत नव्हती. तिची पावलं वाजत नाहीत असं पुस्तकात लिहिलं होतं, आणि ते वाक्य मीच गाळलं होतं. मला भीती वाटायची, भर दुपारी.

नवऱ्याला सांगून पाहिलं. "पुस्तक आहे यार ते," लॅपटॉपवरून मान न उचलता तो म्हणाला. "दोन पॅराग्राफ स्किप केलेस तर कुणाला कळणार आहे?"

कादंबरीच्या शेवटाकडे मालकाची पाच वर्षांची मुलगी तापाने जाते. ताप आपल्याला लागेल म्हणून आईबाप खोलीत पाऊल टाकत नाहीत. तीन दिवस तिच्या उशाशी बसते ती मोलकरीण. पण ते पानही तिच्या हातांच्या किळसवाण्या वर्णनाने भरलेलं. मी सवयीने ते उलटलं आणि मुलगी गेली एवढंच वाचलं.

"मुलीजवळ कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले.



"होती," त्या म्हणाल्या. "हे पुस्तक मी तीस वर्षं शिकवलंय. तू काय गाळतेस ते मला पहिल्या दिवसापासून कळतंय. वर्गात मीही तीच पानं गाळायचे. वाटायचं, मुलांसमोर हे कशाला? आता डोळे गेले, माझं मला वाचता येत नाही. तू तरी वाचशील असं वाटलं होतं."

लेखकाने तिला जनावर म्हटलं होतं, पण त्या मुलीच्या उशाशी बसवलं होतं. मी तिचा मान राखायला गेले आणि तिला घराबाहेर काढलं. त्या पोरीला एकटीला मरू दिलं. मला रडू फुटलं. बाईंना ते दिसलं नाही, ऐकू मात्र आलं असणार.

"पहिल्यापासून वाच," त्या म्हणाल्या.

मी पहिलं पान काढलं. पाचव्या पानावर ती ट्रे घेऊन आत आली तेव्हा मी तिचा रंग वाचला, वास वाचला, नजर वाचली. आवाज चिरकला, तरी थांबले नाही. ती खुर्चीमागे होतीच. मी वळून पाहिलं नाही.