आबा येणार नाहीत, हे मोहितला कोण सांगणार?

सोनगीरहून नणंदेचा फोन आला तेव्हा मी मोहितला उपमा भरवत होते. आबा, म्हणजे माझे सासरे, पुतण्याच्या लग्नाला गावी गेले होते. सकाळी ओट्यावर बसले ते उठलेच नाहीत. मी फोन ठेवला आणि पुढचा घास भरवला. याला कसं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं... मोहित सहा वर्षांचा आहे. चालायला उशिरा लागला, शब्द अजून चार-पाचच.

आबा गेले म्हणून मी आता गोडगोड लिहिणार नाही. मी त्यांच्यावर सारखी चिडायचे. पोरगं तीन वर्षांचं झालं तरी बोलेना, आमच्या जिवाला घोर, आणि यांचं पालुपद एकच : "याना बाप बी चार सालना व्हयना, तव्हय बोलना." म्हणजे याचा बापही चार वर्षांचा झाला तेव्हाच बोलला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की याची वाढ हळू होतेय. नवरा रडला. आबा म्हणाले, डॉक्टरला काय कळतं, पोर्‍या बेस शे. एकदा तर कहरच केला. स्पीच थेरपीची वेळ महामुश्किलीने मिळालेली, आणि हे नातवाला गणपतीच्या पायावर घालायला सकाळीच पद्मालयाला निघून गेले. मोबाईल घरीच. संध्याकाळी दोघं परतले तेव्हा माझा तोल सुटला.

"आबा, तो इतर मुलांसारखा नाही. एकदा तरी म्हणा ना तसं."

ते मोहितच्या चपला काढत म्हणाले, "नसू दे. पण त्याले बठ्ठं समजस." सगळं समजतं म्हणे त्याला.

थेरपीच्या पुढच्या खेपेपासून मात्र न सांगता आमच्याबरोबर येऊ लागले. मोहितच्या चपला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसायचे.

आबांच्या अंत्यविधीला सोनगीरला आम्ही मोहितला नेलं होतं. पण नणंद म्हणाली, त्याले काय समजस? आणि हातात मोबाईल देऊन त्याला शेजारच्या घरात बसवलं. आम्हा दोघांनाही ते पटलं नव्हतं, पण दारात माणसं जमलेली, तिथे भांडणार कोण? त्याने आबांना शेवटचं पाहिलंच नाही.

मेहरूणला घरी आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. आबांची तलावावरून फिरून यायची वेळ झाली की मोहित फाटकाशी जाऊन उभा राहायचा. उचलून आणलं तर अंग ताठ करून किंचाळायचा. मी हार घातलेला फोटो दाखवला, आबा देवाघरी गेले म्हटलं. तो फोटोची पापी घ्यायचा आणि पुन्हा फाटकाशी. नवरा म्हणायचा, राहू दे उभा, विसरेल हळूहळू. मी म्हणायचे, विसरायला नको, समजायला हवं. त्यावरून आमचं रोज वाजायचं.

परवा आबांसारखीच पांढरी टोपी घातलेले एक आजोबा रस्त्याने आले. मोहित फाटकाला लोंबकळून खिदळायला लागला. ते जवळ आले, त्याच्याकडे बघून हसले आणि पुढे गेले... मोहित त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मग आपणहून आत आला, आबांच्या खाटेवर चढला आणि उशीत तोंड खुपसून रडला. किंचाळला नाही. मोठ्या माणसासारखा हुंदके देत रडला. आम्ही दोघं दारातच थिजलो. पोराला समजावं म्हणून आम्ही किती उंबरे झिजवले... आणि त्या वेळी वाटलं, एवढं एक त्याला समजलं नसतं तर बरं झालं असतं.

काल संध्याकाळी तो फाटकाशी गेला नाही. मीच जाऊन उभी राहिले.